न दुखणारी करंगळी

करंगळी दुखायची थांबली तेव्हा मला आनंद झाला होता. आज हे लिहिताना हसू येतं आणि संतापही येतो. पण ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांना पहिल्यांदा हेच सांगायला हवं. अंग दुखत नाही म्हणजे ते बरं आहे, असं समजू नका.

मी नांदुऱ्याचा. महाराष्ट्र नवा नवा झाला होता आणि मी स्टेशनजवळच्या एका जिनिंगमध्ये कापसाचा पारखी म्हणून कायम झालो होतो. बैलगाड्या भरून कापूस यायचा. मी मूठभर उपसायचा, सरकीवरून रुई ओढायची, दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरून ताणायची आणि माल कसा आहे ते सांगायचं. या कामात करंगळीला कोणी विचारत नाही. ती घरजावयासारखी, हजर असते एवढंच. तिला पहिल्यांदा कामाला लावलं ते गिटारनं.

रेल्वे क्वार्टर्समध्ये पिंटोसाहेब राहायचे. गोव्याकडचे, मालगाडीचे गार्ड. ड्यूटी नसली की ओट्यावर बसून गिटार वाजवायचे. मी भजनात पेटी वाजवणारा माणूस. कुंपणाशी उभा राहून ऐकायचो. एक दिवस ते म्हणाले, "आत ये रे. कुंपणाला कान लावून गिटार येत नाय."

मी आत गेलो तो रोज जायला लागलो.

* * *

त्यांनी मला आर्पेजिओ शिकवायला घेतले. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम वाजवायचे. आर्पेजिओ म्हणजे तेच सूर एकामागून एक, सुटे सुटे. पेटीमुळे मला समजायला वेळ लागला नाही. सा, ग, प, वरचा सा. वाजवायला मात्र घाम फुटला. पेटीवर सूर समोर ओळीनं मांडलेले असतात. गिटारवर तेच सूर सहा तारांवर विखुरलेले, आणि ते गाठायला डाव्या हाताच्या बोटांची एक ठरलेली मांडणी लागते. पिंटोसाहेब तिला शेप म्हणत. शेप एकदा हातात बसला की तो तसाच उचलून दांडीवर पुढे-मागे न्यायचा. बोटांची मांडणी तीच, पट्टी वेगळी. मला याचं फार अप्रूप वाटायचं. एकच किल्ली आणि सगळ्या गल्लीतली कुलपं उघडतात!

त्यांचा आवडता शेप करंगळीवर उभा होता. मधलं बोट जाड तारेवर, पहिलं बोट खालच्या तारेवर एक घर, म्हणजे दांडीवरच्या दोन आडव्या रेघांमधली जागा, मागे आणि त्याच तारेवर करंगळी ताणून मधल्या बोटाच्या दोन घरं पुढे. तिथं एक सूर काढून करंगळी कलती करायची आणि शेजारच्या तारेवरचा सूर घ्यायचा. करंगळी दबली नाही की सूर खर्र करायचा आणि पिंटोसाहेब विचारायचे, "वसंत, करंगळी कुठाय? घरी विसरून आला काय?"

स्टीलच्या तारा. पहिले काही आठवडे बोटांची टोकं इतकी हुळहुळायची की सदऱ्याचं बटण लाववत नसे. गिटार शिकणारा प्रत्येक जण दुखणं जायची वाट बघत असतो. कातडी टणक होते, मग दुखत नाही, मग खरं शिकणं सुरू होतं, असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. माझी बाकीची बोटं दुखतच होती आणि करंगळी मात्र एकाएकी शांत झाली. मी पिंटोसाहेबांना दाखवली. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "सगळ्यांत आळशी पोरगं वर्गात पहिलं आलं!"

बायकोलाही मी फुशारकीनं सांगितलं. कमल शेंगा फोडत होती. वर न बघताच म्हणाली, "दिवसभर रुई, सांजच्याले तार. घरात एक बायको हाये, तिच्याकडंबी पाहत जा."

मग करंगळी पुन्हा आळशी झाली. सूर खर्र करायला लागला. मी जोर लावायचो, ती मध्येच लुळी पडायची. पिंटोसाहेब चिडायचे, मी घरी जाऊन दुप्पट सराव करायचो. आणि एका संध्याकाळी, शेप वाजवता वाजवता, त्यांनी माझं मनगट धरून हात थांबवला.

दांडीवर रक्त होतं. तार तुटायला आली होती, तिचा एक बारीक तंतू सुटून करंगळीत चांगलाच घुसला होता.

"दुखत नाय?"

"नाही. टणक झालंय ना बोट," मी हसून म्हणालो.

ते हसले नाहीत. त्यांनी स्वतःचा हात पुढे केला. टोकं घट्ट्यांनी पिवळी पडलेली. "हे बघ, किती वर्षं वाजवतोय. पण तार टोचली तर मला कळते, वसंत." मग म्हणाले, "आमच्या वाड्यावर एक माणूस होता. तू डॉक्टरकडे जा. उद्याच जा."

त्या माणसाचं काय झालं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

* * *

सरकारी दवाखान्यात बाजाराच्या दिवशी बाहेरगावाहून एक डॉक्टर येत. बाहेर भाजीवाल्यांचा गलका, आत फिनेलचा वास. त्यांनी माझा सदरा काढायला लावला. कोपराजवळ एक फिकट चट्टा होता. मी त्याला शिबं समजून तेल चोळत होतो. मग त्यांनी एका वाटीतून चिमूटभर कापूस घेतला, त्याची वात केली आणि मला डोळे मिटायला सांगितले.

"जिथं लागेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवून दाखवा."

मी डोळे मिटून बसलो. बाहेर कोणीतरी वांग्यांचा भाव करत होतं. मी वाट पाहिली, आणखी पाहिली. शेवटी म्हणालो, "सुरू करा ना, डॉक्टर."

"केव्हाच सुरू केलंय," ते म्हणाले.

मी डोळे उघडले. कापसाची वात माझ्या करंगळीवरून फिरत होती. मला दिसत होती आणि कळत नव्हती. ज्या माणसाचं पोट कापूस हाताला कळण्यावर चालतं, त्याला आपल्याच बोटावरचा कापूस कळेना.

त्यांनी कोपराच्या मागची नस दाबली तेव्हा मात्र मी ओरडलो. ती दोरीसारखी जाड झाली होती.

"कुष्ठ आहे," डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. "लवकर सापडलंय. गोळ्या नीट घेतल्या तर रोग बरा होतो, हे पक्कं लक्षात ठेवा. पण करंगळीची नस सुजलीय. बोट सरळ राहील की आत वळेल, ते मी आज सांगू शकत नाही."

माझ्या तोंडून निघालं, "आणि गिटार?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तमाशाचं तिकीट मागितलंय. "आधी हात वाचू द्या."

* * *

घरी येऊन मी कमलला परसात सांगितलं. आमच्याकडे या रोगाला रगतपिती म्हणत, आणि तो शब्द उच्चारून लोक थुंकत. कमल थुंकली नाही. तिच्या हातातली बादली मात्र सुटली. आईनं मागच्या दारातून सगळं ऐकलं होतं.

त्या दिवसापासून मला वेगळी जर्मनची, म्हणजे अल्युमिनियमची, ताटली आली. आई माझ्या आवडीचं सगळं करायची, डोळ्यांतून पाणी गाळत वाढायची, आणि ताटली लांबून सरकवायची. "खाय बापू, पोटभर खाय," म्हणायची आणि दोन पावलं मागे व्हायची. मला तिचा राग यायचा आणि तिची कीवही यायची. आमची मुलगी सुशी माझ्याकडे धावायला लागली की आई तिचा फ्रॉक मागून धरायची. कमल कोणाच्याच बाजूनं बोलत नव्हती. ती माझं अंथरूण घालायची आणि सुशीला घेऊन सासूजवळ झोपायची; सासूला ती मामी म्हणायची.

त्या घरात माझ्या हाताला कोणी हात लावत नव्हतं. ज्यांच्यावर अशी पाळी आली असेल त्यांना ठाऊक आहे, रोगापेक्षा हे जास्त झोंबतं.

मी पिंटोसाहेबांकडे जाणं बंद केलं. तर एक दिवस तेच आले. खाटेवर बसले, माझा डावा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला, करंगळी हळूच ताणून शेपमध्ये जिथं जायला हवी तिथपर्यंत नेली आणि सोडली. ती परत आत आली. पुन्हा नेली, पुन्हा आली. आई दारात उभी राहून पाहत होती.

जाताना ते परसात गेले आणि साबण मागून त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. आधी माझा हात धरला, मग स्वतःचे धुतले. मी दोन्ही पाहिलं. पहिल्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे आणि दुसऱ्यासाठी मला त्यांच्यावर रागावता आलं नाही.

* * *

पुढे कोपर सुजला, ताप भरला आणि मला जिल्ह्यातल्याच एका आडबाजूच्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात ठेवायचं ठरलं. निघायच्या दिवशी पिंटोसाहेबांनी एक फळी आणून दिली. खोक्याचं लाकूड तासून गिटारच्या दांडीएवढी केलेली, त्यावर घरांच्या रेघा खाचल्या होत्या आणि तारांच्या जागी सुताच्या सहा दोऱ्या ताणून बांधल्या होत्या. स्टीलच्या तारेला हात लावायचा नाही, पण बोटं हलती ठेवायची, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

"हिच्यातून आवाज येणार नाय," ते म्हणाले. "तुझ्या वाजवण्याला हेच बरं."

दवाखान्यात दिवस घंटेवर चालायचा. सकाळी घंटा झाली की गोळ्या, मग कोमट पाण्यात हात भिजत ठेवायचे, मग तेल, मग बोटं ताणायची. बसायला लाकडी बाकं. हात आणि पाय रोज डोळ्यांनी तपासायचे, कारण जखम झाली तरी आपल्याला सांगायला दुखणं येत नाही. ही सवय मला आजही आहे, आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाला गरज असेल तर त्यांनीही लावून घ्यावी.

माझ्या शेजारच्या खाटेवर लोणारचे उस्मानभाई होते. धंद्यानं कल्हईवाले. त्यांच्या दोन्ही हातांची बोटं कधीच आत वळून गेली होती. "तुमाले तारेनं सांगतलं, भाऊ," ते म्हणायचे. "मले निखाऱ्यानं सांगतलं. वास कायचा येऊन राह्यला म्हणून इकडं तिकडं पाहतो, त माहाच हात."

मी फळी घेऊन बसलो की ते मांडी घालून समोर बसायचे. मी शेप लावायचो, एकेक दोरी दाबत वर जायचो, खाली यायचो. आवाज शून्य. उस्मानभाई डोळे मिटून मान डोलवायचे. "वा! पण भाऊ, मंधात एक सूर खाल्ला तुमी." आणि खरंच करंगळीचा सूर गेलेला असायचा. ते मिटल्या डोळ्यांतून चोरून पाहत, हे मला मागाहून कळलं.

रोज सकाळी मी हात टेबलावर पालथा ठेवून दाबायचो. चार बोटं टेबलाला टेकायची. करंगळी आणि टेबल यांच्यात फट राहायची. एका सकाळी ती फट मोठी झाली. मी दाबलं, दुसऱ्या हातानं दाबलं; हात उचलला की बोट पुन्हा आकडा घालायचं. मी उस्मानभाईंच्या हातांकडे पाहिलं आणि चटकन मान फिरवली. त्यांच्याबद्दल घृणा नव्हती ती. मी माझा उद्याचा हात पाहत होतो.

डॉक्टरांनी हात खपाटीला, लाकडाच्या पातळ पट्टीला, बांधला. गोळ्या वाढवल्या. फळी खाटेखाली गेली.

* * *

नेमकी त्याच आठवड्यात कमल भेटायला आली. व्हरांड्याच्या खांबापाशीच थांबली.

"भाऊ आला हाये न्यायले," ती म्हणाली. "माहेरी, धाडले चाल म्हणते. सुशीलेबी घेऊन. मी काय सांगू त्याले?"

"जा मग," मी म्हणालो.

तिनं डबा खांबाशी ठेवला आणि ती गेली.

उस्मानभाई उखडले. "काऊन हो? त्या बाईनं तुमाले पुसलं. तुमी हुकूम सोडला. अरे, मले पुसाले बी कोणी येत नाई."

मी तोंड भिंतीकडे केलं. डब्यात मेथीची भाजी होती, ती उस्मानभाईंनी खाल्ली.

पुढच्या दोन भेटींच्या दिवशी कोणी आलं नाही. करंगळी खपाटीत होती. आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं आणि कळतही नव्हतं. बोट गेलं, बायको गेली, असं मी धरूनच चाललो होतो. मग एका दुपारी धाडकडच्या एसटीतून कमल एकटीच उतरली आणि खांबापाशी न थांबता सरळ खाटेपर्यंत आली.

"जाऊन पाह्यलं," ती म्हणाली. "तठी समदे मले शिकवून राह्यले का नवऱ्याचं काय करायचं. जो तो डॉक्टर. मी म्हटलं, खऱ्या डॉक्टरलेच पुसते."

तिनं खरंच विचारलं. डॉक्टरांना, सिस्टरांना, चारचारदा. सुशीला होईल का, एका ताटात जेवलं तर काय, तेल कसं लावायचं. मग वाटी घेऊन माझ्याजवळ बसली. त्या दिवशी खपाट सोडली होती. तिचा हात इतका कापत होता की तेल माझ्या पायजम्यावर सांडलं.

"राहू दे," मी म्हणालो. "तुला भीती वाटते."

"वाटते ना. भेव वाटते म्हणून तेल लावाचं राहते का?"

आणि तिनं करंगळी धरली. मला तिचा स्पर्श कळला नाही. डोळ्यांना दिसत होता, तेवढ्यावर मी रडलो.

* * *

करंगळी पुरती सरळ झाली नाही, पण आकडा सुटला. घरी जायला सांगितलं तेव्हा उस्मानभाईंनी फळी ठेवून घेतली. "माहं वाजवून होत नाई, पण आयकता येते ना," म्हणाले.

घरी आईची जर्मनची ताटली तशीच होती. कमल तिच्याशी भांडली नाही. एक दिवस स्वतःच माझ्या ताटलीत जेवायला बसली आणि आईकडे पाहत राहिली. आईनं तिला उठवलं नाही. ताटलीही बदलली नाही. पिंटोसाहेब येत राहिले, आणि कधीपासून ते हात न धुताच चहा घेऊ लागले ते माझ्या ध्यानात राहिलं नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला कमल चिमूटभर रुई घेऊन बसायची. मी डोळे मिटायचो. ती विचारायची, "लागलं?" मी म्हणायचो, नाही. असे महिने गेले. रोजचं ते 'नाही' माझ्यानं सांगवेना. एकदा मी म्हणालो, "हो, लागलं. टोकाला."

कमलनं रुई चुलीत टाकली. "मी हात बी नाई लावला अजून. मले कायले खोटं सांगता? मले खोटं नाई पाह्यजे."

मग आम्ही तो खेळ बंद केला. गोळ्या चालू, तेल चालू, रुई बंद.

पुढे डॉक्टरांनी बारीक तारांवर थोडं थोडं वाजवायची मोकळीक दिली. अट एवढीच की दर वेळी थांबून बोट पाहायचं. पिंटोसाहेबांनी त्यांची जुनी गिटार घरी आणून ठेवली. मी खाटेवर बसून तोच शेप लावला. मधलं बोट, पहिलं बोट, आणि करंगळी ताणून पुढे. खर्र. पुन्हा. खर्र. करंगळी जरा कडेवर कलती करून टेकवली आणि दाबली. सूर निघाला, स्वच्छ. आणि त्या सुरासोबत काहीतरी टोचलं.

मी थांबलो. बोट पाहिलं. जखम नव्हती. पुन्हा दाबलं. पुन्हा टोचलं, बारीक, लांबून कोणी हाक मारावी तसं.

"कमल!" मी ओरडलो. "दुखतंय!"

ती पीठभरल्या हातांनी आली आणि दारातच थांबली. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं हात पुसले, उशीच्या उसवल्या कोपऱ्यातून कापूस ओढला, समोर बसली. "डोये मिटा."

मी डोळे मिटले. काहीच लागेना. चुलीवर भाकरी करपल्याचा वास यायला लागला. मला बाजाराचा तो दिवस आठवला, वांग्यांचा भाव आठवला.

"सुरू कर ना," मी म्हणालो.

"नाईच केलं अजून," कमल म्हणाली. "माहाच हात उचलत नाई."

आणि मग करंगळीच्या कडेवर, अगदी हलकं, मुंगी चालल्यासारखं.

"आता," मी म्हणालो.

ते थांबलं.

"आता नाही."

परत आलं.

"आता."

मी डोळे उघडले. कमल तोंडात पदर कोंबून बसली होती. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं रुई फेकली आणि त्याच जागी नखानं करकचून चिमटा काढला. मी असा बोंबललो की आई आतून पळत आली.

"काय झालं बापू? काय झालं?"

"दुखलं त्याहिले!" कमल हसत होती की रडत होती, सांगता येत नव्हतं. "करंगळी दुखली, मामी!"

आईला यातलं किती समजलं मला माहीत नाही. बापूचं बोट दुखलं, एवढं तिनं ऐकलं. लहानपणी मी ठेचकाळून आलो की ती जे करायची तेच तिनं केलं. खाली बसली, माझा हात दोन्ही हातांत घेतला, तोंडाशी नेला आणि करंगळीवर फुंकर घातली.

ती फुंकर मला कळली.